चादरीखालचा हात

“यांना आता स्वतःचा श्वास पुरणार नाही, व्हेंटिलेटर लावावा लागेल,” डॉक्टर म्हणाले तेव्हा माझ्या हातात घरून आणलेला पेजेचा डबा होता. साधा खोकला समजून आठवडाभर काढा पाजला होता मी. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलाय हे एक्स-रे काढल्यावर कळलं. सही कुठं करायची, एवढंच मी विचारलं.

व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, अशी आमच्याकडं समजूत. तसं नसतं. फुप्फुसं सावरेपर्यंत श्वास देणारं ते यंत्र आहे. त्याची नळी तोंडातून श्वासनलिकेत घालतात आणि ती स्वरतंतूंमधून जाते, म्हणून माणसाला बोलता येत नाही. हे मला कुणी आधी सांगितलंही असेल, माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आमचे हे, अशोक, शहरातल्या छावणी भागात गुरांचा बाजार भरतो तिथं सौदे जमवून देतात. अण्णा, म्हणजे माझे सासरे, देवगाव रंगारीला असतात, त्यांनीही जन्मभर हेच केलं. या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून बोलणं होतं. पंजा घट्ट मिटला की सौदा मंजूर, हात काढून घेतला की नामंजूर. हात नुसता हातात राहिला, तर बोलणी अजून मोडलेली नाहीत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे सगळं मला ऐकून माहीत. पण बायकांच्या हातावर रुमाल कोण टाकतो?

पहिले आठ दिवस यांना झोपेच्या औषधात ठेवलं. मी आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकड्यावर बसायचे, दिवसातून दोनदा दहा मिनिटं मला आत सोडत. नवव्या दिवशी औषध कमी केलं आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. डोळे उघडे, पण ओळख नाही. छताकडं बघून घाबरायचे. एकदा नळीलाच हात घातला. डॉक्टर म्हणाले, याला डिलिरियम म्हणतात, आजारानं आणि औषधांनी मेंदूचा गोंधळ उडतो, बऱ्याच जणांचा उडतो आणि ओसरतो. नळी निघाली तर जिवावर बेतेल म्हणून मऊ पट्ट्यांनी यांचे हात पलंगाला बांधले, जरा सैलच.

बाराव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमीचा कागद पुढं आला. गळ्याला पुढून छोटं छिद्र पाडून तिथून नळी घालायची. तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी लागतं, यंत्र सोडवणं सोपं जातं. डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मला मात्र गळा कापणार, एवढंच ऐकू आलं. माझ्या एका चुलत्यांच्या गळ्याला कॅन्सरमध्ये असंच छिद्र पाडलं होतं आणि ते महिन्याभरात गेले. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

पुढचे तीन दिवस आत गेले की यांचा हात हातात घ्यायचे आणि कानाशी सांगायचे, “घाबरू नका, गळ्याला कुणाला हात लावू देणार नाही मी.” हे लगेच हात ओढून घ्यायचे. दरवेळी. मला फार लागायचं ते. शेवटी मीच मनाशी ठरवून टाकलं की यांचं डोकं अजून ठिकाणावर नाही. सिस्टरला सांगितलं, हात फार ओढतात, पट्टी जरा आवळा. तिनं बघितलं आणि आवळली.

पंधराव्या दिवशी गावाहून अण्णा आले. कागदाचं आणि हात ओढण्याचं मी त्यांना सांगितलं. वय बघून सिस्टरनं आम्हा दोघांना एकत्र सोडलं. अण्णांनी उजवी पट्टी सोडायला लावली, मी धरून उभा राहतो म्हणाले. मग सवयीनं हात चादरीखाली घातला.

“अशोक, तोंडातली नळी ऱ्हाऊ द्यायची का?”

चादर हलली.

“गळ्यातून घालू द्यायची?”

चादर हलली नाही, नुसती आत मूठ आवळल्यासारखी दिसली. अण्णांनी उलटसुलट करून दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरी, त्याला समदं कळतंय. तोंडातली नाय म्हणतोय, गळ्यातली व्हय म्हणतोय. तू काय सांगत व्हतीस त्याला?”

मी पर्समधला कागद काढला. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही यांचा हात धरून खात्री केली. मी कागद भिंतीला टेकवून सही केली.

त्यानंतरचे पंचवीस दिवस आठवायला नको वाटतात, तरी सांगते, कारण आत्ता कुणी त्याच बाकड्यावर बसलेलं असेल. व्हेंटिलेटर एकदम बंद करत नाहीत. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग ताप येतो आणि चार दिवस काहीच नाही. श्वासाची अशी हळूहळू सवय लावणं म्हणजे वीनिंग. पडून पडून यांच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या. पाणीसुद्धा नव्यानं गिळायला शिकावं लागलं. या सगळ्यात ज्या सिस्टरनं रोज यांचा भांग पाडून दिला, तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचं माणूस नळीवर असेल तर त्याला कळत नाही असं धरून चालू नका. शुद्धीची जराशी चाहूल लागली की हो कसं म्हणायचं, नाही कसं, ते ठरवा. बोटानं, पापणीनं, कशानंही. सिस्टरलाही सांगून ठेवा. मला ते सुचलं नाही, आणि आमच्या घरात तर धंदाच तो.

घरी येऊन चार महिने झाले. इथं उस्मानपुऱ्यात घरापासून कोपऱ्यापर्यंत चालून येतात, मध्ये एकदा बसून. अंगावरची चादर कडेनं खोचलेली चालत नाही, पुन्हा बांधल्यासारखं वाटून घाबरतात. आवाज अजून घोगरा आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, “पट्टी आवळायला कुणी सांगितलं व्हतं?”

सिस्टरवर ढकलता आलं असतं. मी म्हटलं, “मी.”

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून माझा हात दिला. त्यांनी पंजा मिटला नाही. हात काढूनही घेतला नाही. चहाची वेळ होईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.