बिनधुराचे निखारे

आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला एका गोष्टीचा भारी तोरा होता. त्याच्या कोळशाला धूर नसे. सकाळी तो शेगडी रस्त्यावर पेटवी, धूर पार सरेपर्यंत वारा घाली आणि निखारे लालबुंद झाले की मगच आत नेई. घर आणि दुकान मिळून एकच खोली. पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून खिडकी कायमची बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. इतका नीटस माणूस! त्या नीटसपणानेच घात केला.

थंडी पडली की त्याच्या बायकोचं डोकं ठणके, पोटात मळमळे. बाहेर नळापाशी येऊन बसली की बरी. हा स्वतः दारात उभा राहून इस्त्री करी आणि निम्मा दिवस कपडे पोचवत हिंडे, म्हणून याला काही होत नसे.

"काम चुकवायची नवी तऱ्हा आहे हिची," तो गिऱ्हाइकांना हसून सांगे.

"तुमचं तोंड बघून दुखतं डोकं," ती आतून ऐकवी.

मी त्याला बजावलं, "अरे, घरात डोकं दुखतं आणि बाहेर थांबतं, यावरून तरी ओळख. धूर गेला म्हणून विष गेलं नाही. निखाऱ्यांतून वायू निघतो. खिडकी उघड, शेगडी बाहेर ठेव."

"कसा असतो तो वायू?"

"त्याला रंग नाही, वास नाही."

"धूरही नाही. मग आजी, आहे काय ते? भूत?"

"भूत समज, पण खिडकी उघड!"

त्याने काय करावं? शेगडीजवळ पाण्याचं भांडं ठेवलं. म्हणे, असलाच वायू तर पाण्यात विरेल. कपाळ माझं!

पुढे तिला ताप भरला. याने मायेने घमेलंभर निखारे तिच्या उशाशी ठेवले आणि कपडे पोचवायला गेला. दुपारी येऊन डोकावला, तर ती गाढ झोपलेली, गाल गुलाबी. कित्येक दिवसांत चेहऱ्यावर असा रंग नव्हता. ऊब मानवली, असं त्याला वाटलं. ऊब निसटू नये म्हणून त्याने दार हलकेच ओढून घेतलं आणि उरलेले गठ्ठे घेऊन निघाला.

संध्याकाळी मारलेल्या हाका तिने ऐकल्याच नाहीत. गालांवरचा तो रंग विषाचा होता, असं डॉक्टर म्हणाले.

आता विजेची इस्त्री आहे. दार, खिडकी सताड उघडी, चिंध्या उपसून टाकलेल्या. शर्टांवर धूळ बसते, गिऱ्हाइकं कटकट करतात. याला ऐकू येत नाही.

मी कपडे आणायला गेले की दर खेपेला विचारतो, "आजी, दुपारीच तिला बाहेर काढली असती तर?"

बहुधा वाचली असती. हे त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.