तिसरं पत्र कोणाचं?

मेडिकलच्या अर्जासाठी मला तीन शिफारसपत्रं हवी होती. दोन कॉलेजातल्या प्राध्यापकांची ठरली होती. तिसरं काका देणार, हे बाबांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

काका म्हणजे बाबांचे नागपूरपासूनचे मित्र, अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावाजवळच्या एका हॉस्पिटलात मोठे सर्जन. त्यांच्या पत्रावर ॲडमिशन झालीच समजा, असं बाबा सगळ्यांना सांगत. पत्र लिहायचं तर मुलीचं काम पाहायला हवं, म्हणून २००६च्या उन्हाळ्यात काका मला ऑपरेशन बघायला नेऊ लागले.

त्या दिवशी पोटाचं ऑपरेशन होतं. रक्त थांबत नव्हतं. हत्यारं देणाऱ्या नर्सने चुकीचा चिमटा पुढे केला. काकांनी तो हिसकावून तिच्या तोंडावर फेकून मारला. तिची भुवई फुटली, मास्क लाल झाला. ती वाकली तशी त्यांनी तिला कोपराने असं ढकललं की ती भिंतीवर आदळली. दुसरी नर्स आली, ऑपरेशन पार पडलं, पेशंट वाचला.

बाहेर हात धुताना काका शांतपणे म्हणाले, "असं होतं कधीकधी. बाहेर बोलायचं नसतं. तुझं पत्र याच आठवड्यात लिहितो."

नर्सने तक्रार केली. चौकशीत बाकीच्यांनी सांगितलं की चिमटा काकांच्या हातातून निसटला. मला विचारलं तेव्हा मी पाहिलं ते सांगितलं.

काका घरी आले, चहा घेतला, बाबांना सगळं सांगितलं आणि गेले. दार बंद होताच बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. मी टेबलावर कलंडले, काचेचा जग फुटला, तळहातात काच घुसली. त्यांनी पुन्हा हात उचलला तेव्हा आई मध्ये आली आणि तो फटका तिच्या कानावर बसला. बाबा तसेच गाडी काढून निघून गेले.

आईने माझ्या हातातली काच काढली. तिला त्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती जरा मोठ्याने बोलत होती. "मोठा माणूस शोधू नकोस. तुला काम करताना कोणी पाहिलंय, ते सांग."

वीकेंडला मी त्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत व्हॉलंटियर होते. एकदा नशेतल्या एका माणसाने माझे केस धरून डोकं पलंगाच्या दांड्यावर आपटलं होतं, तरी त्याच्या मनगटाच्या जखमेवर दाबून धरलेला हात मी काढला नव्हता. तिथल्या प्रमुख डॉक्टर तेव्हा शेजारी होत्या. मी त्यांच्याकडे गेले. सर्जनकडून का नाही, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातावरच्या बँडेजकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मलाही इथे त्यांच्याबरोबरच काम करावं लागतं. पण लिहीन."

त्यांनी लिहिलं. मला ओहायोत एका ठिकाणी प्रवेश मिळाला. काकांना समज देण्यात आली. ते ऑपरेशनं करत राहिले. ती नर्स नोकरी सोडून गेली. बाबा मला विमानतळावर सोडायला आले नाहीत. आईने गाडी चालवली, आणि मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून बोलत राहिले.