कोंडाबाईचा हात आणि ओट्यावरचे तीन शहाणे

शहाणी माणसं रोज एका ओट्यावर बसली की किस्से हुडकावे लागत न्हाईत, आपोआप साठतात! निजामाचा अंमल होता. बीडात कापसाची सरकी काढायचं जिनिंग नवंनवं आलतं अन् मी तिथं वजनकाट्यावर होतो. संध्याकाळी ओट्यावर मालक शेठ, एक वकीलसाहेब अन् एक मास्तर बसायचे आणि जग कसं चालावं ते ठरवायचे.

त्या हंगामात जिनिंगात कामाला असलेल्या कोंडाबाईच्या उजव्या हाताची बोटं रोलरमधी गेली. शेठनं तिला काढून टाकलं. "डाव्या हातानं कापूस निवडीन, पर कामावर घ्या," एवढंच तिचं मागणं. ओट्याला चघळायला विषय मिळाला!

*

शेठ मोकळ्या व्यापाराचे भक्त. "सरकारनं मधी पडू नये. ती तिच्या मर्जीनं आली, मी माझ्या मर्जीनं काढली. फिट्टंफाट!"

पुढं दिंद्रुडच्या एका व्यापाऱ्यानं बीडात दुसरं जिनिंग टाकायचं ठरवलं. त्याची परवानगी अडवायला शेठ मोसंब्यांची टोपली घेऊन थेट तहसीलदाराच्या दारात! मी विचारलं, "शेठ, आता सरकार मधी चालतं का?"

"गप बे! ही गोष्ट येगळी हाय."

*

वकीलसाहेब मुंबईहून समाजवाद शिकून आलते. एकदा त्यांच्या घरी पंखा ओढणारा म्हातारा जरा डुलकला, तर खेकसले, "नीट ओढ बे! समतेवर बोलतोय, कळत न्हाई का?"

कोंडाबाई त्यांच्याकडंबी गेली. म्हणाले, "बाई, घाई करू नका. इथं अजून कारखानदारीच पुरती आलेली नाही. आधी पन्नास जिनिंग येऊ द्या, मग राज्य तुमचंच!"

"मंग तवर काय खाऊ, साहेब?"

साहेब चष्मा पुसत बसले.

*

मास्तरांच्या मते यंत्र म्हणजे राक्षस. त्यांनी कोंडाबाईच्या घरी टकळी नेऊन दिली. "सूत काता, स्वावलंबी व्हा!"

तिनं पदराखालचा हात पुढं केला.

"डाव्यानं जमेल की!" मास्तर म्हणाले. लाज कशी वाटली न्हाई ह्या माणसाला!

*

खंडेनवमीला शेठनं इंजिनाला झेंडूची माळ घातली, पाटावर पाने-हातोडे मांडले अन् शेजारी आज्याची मोडकी तागडी ठेवली. वकील हसले, "अहो, हे भंगार कशाला?"

"वकीलसाहेब, पुजलेलं हत्यार मोडलं तरी बाहेर टाकत न्हाईत. लई पाप लागतं!" शेठ कामावरच्या सगळ्या बायांपुढं ठणकावून बोलले.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मागून कोंडाबाई आली, पाटाशी बसली अन् आपला तुटका हात तागडीशेजारी ठेवला.

"कुंकू लावा, शेठ."

शेठनं वकिलाकडं बघितलं, वकिलानं मास्तराकडं. मास्तर चपला शोधायला लागले.

इंजिन चालवणारे जब्बारमियाँ पुढं आले अन् कुंकवाची वाटी शेठच्या हातात दिली.

"लगाव सेठ! खडे कायकू?"

शेठनं कुंकवात बोट बुडवलं.