यंत्र थांबेल, असं वहीत लिहिलं होतं

वडगावात आमच्या घरात माग होता. तो कसा चालतो ते मला तोंडपाठ होतं, तरी मी रोज खाली वाकून बघायचे. आई म्हणायची, "अगं बाई, त्यात काय ठेवलंय बघायला?" मला सांगता यायचं नाही. आतलं कसं चालतं ते कळल्याशिवाय मला चैनच पडायचं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला बेळगावात एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर नोकरी लागली, तेव्हा ही खोड पहिल्यांदा कामाला आली.

काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. माऊस आम्ही तेव्हा पाहिलाही नव्हता, जे हवं ते टाइप करून सांगायचं. वखारीत आलेल्या पोत्यांच्या नोंदी घालायच्या, त्या गावाप्रमाणे लावायच्या, त्यांची नक्कल करून ठेवायची आणि शेवटी जुन्या पुसायच्या. प्रत्येकाची आज्ञा वेगळी, आणि एक विसरली की सगळा घोळ. म्हणून मी त्या ओळीनं एका फाइलीत लिहिल्या आणि तिला 'काम' असं नाव दिलं. इंग्रजीत ते नाव टाइप केलं की यंत्र आपलं आपण सगळं उरकायचं. सोबत एक वही केली. आधी काय दाबायचं, मग पडद्यावर काय दिसेल, सगळं मराठीत. एक प्रत बेळगावला, एक निपाणीच्या वखारीत.

निपाणीचं यंत्र आक्का म्हणून एक बाई चालवायची. पंधरा वर्षं तिनं त्याच वखारीत तंबाखू चाळली होती. त्या धुळीनं खोकून खोकून बेजार व्हायची. अक्षर वळणदार म्हणून मालकांनी तिला आतल्या खोलीत घेतलं, आणि वही समोर ठेवून ती दीड महिन्यात शिकली. मीच शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

मग बेळगावला नवं यंत्र आलं. जुन्या यंत्रात नक्कल करायच्या आधी फ्लॉपी बदलावी लागायची, म्हणून माझ्या फाइलीत मध्ये एक थांबा होता. यंत्र थांबायचं, आपण दुसरी फ्लॉपी घालायची, बटण दाबायचं, की ते पुढे जायचं. नव्या यंत्राच्या पोटातच नक्कल ठेवायला जागा होती. तो थांबा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. काढून टाकला. आणखी दोन-चार सुधारणा केल्या आणि स्वतःवर खूश होऊन फाइलीची फ्लॉपी निपाणीला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दिली. वहीतलं नंतर बदलू म्हटलं. लिहायचा मला कंटाळा, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात निपाणीच्या सगळ्या नोंदी गेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत गेल्या. वखारीतून मालकांचा फोन आला.

"बाई म्हणते, वहीत हाय तसंच करते. वहीत काही चूक हाय का?"

"आमच्याकडे रोज चालतंय की," मी म्हटलं. "त्यांनी नीट वाचलं नसेल."

"मग सोमवारपासून तिला परत चाळणीवर घालतो," मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

मी शनिवारी निपाणीची बस धरली. आक्काच्या कळवळ्यानं गेले असं सांगितलं तर ते साफ खोटं होईल. एकच फाइल इथं चालते आणि तिथं बिघडते, हे कसं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

आक्कानं खुर्ची पुसून दिली. "मला करून दाखवा," मी म्हटलं.

"तुम्हीच करा की बाई. वहीत हाय तसं. मी न्हाय हात लावत आता."

बसले. एक बोट वहीच्या ओळीवर ठेवून एकेक करत गेले. 'यंत्र थांबेल. आतली फ्लॉपी काढून दुसरी घाला.' मी दुसरी फ्लॉपी उचलली. यंत्र थांबलंच नाही. गुरगुरत पुढे गेलं, नक्कल त्याच फ्लॉपीवर केली आणि पाठोपाठ ती फ्लॉपी सगळीच पुसून मोकळं झालं. या आठवड्याच्या नोंदीही गेल्या, आणि त्या माझ्या हातानं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडलं, एवढंच वाटलं. मग आक्काकडे बघितलं. ती पडद्याकडे नाही, वहीतल्या त्या ओळीकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तशीच उठून मालकांच्या खोलीत गेले. "चूक माझी आहे. मी फाइल बदलली, वही बदलली नाही, आणि इथलं यंत्र जुनं आहे हे विसरले. फोनवर मी आक्कांवर ढकललं."

मालक म्हणाले, "बाई हाय तिथंच राहू दे. आणि तुम्ही आज वही पुरी केल्याशिवाय बेळगावला जायचं न्हाय."

बाहेर येऊन मी आक्काला सांगितलं, "तुम्ही इथंच राहायचं. मालक बोललेत."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. तिनं वही स्वतःकडे ओढली.

"म्हंजे हितं 'थांबेल' असंच लिवलंय?"

"हो," मी म्हटलं.

"मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडनं दोनदा वाचून घेतलं. त्या बी तसंच म्हणाल्या. तरी मला वाटलं, पंधरा वर्सं चाळणीत गेली, वाचायचंच इसरलो आपण. घरात पेपर आला तर हात लावत नव्हतो." तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "मला वाचाय येतंय की वो, बाई."

मला वर बघवेना. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं.