मास्तरीणकाकूंचं जड पाणी

दर रविवारी मास्तरीणकाकू आपला तांब्याचा बंब अंगणात आडवा पाडायच्या आणि लाकडी दांड्यानं त्याला सगळीकडून ठोकायच्या. आतून खाराचे पांढरे पापुद्रे सुटायचे, अंड्याच्या टरफलासारखे. ते सुपात गोळा करून त्या मला दाखवायच्या. "बघ सुमन, आठ दिवसांत किती जमलं. असलं पाणी आपल्या पोटात जाऊन राह्यलं."

परतूर तालुक्यातलं ते लहानसं रेल्वे स्टेशन. हैदराबाद संस्थान जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे यजमान तिथे तिकीटबाबू म्हणून लागले आणि मी जालन्याचं माहेर सोडून त्या माळावर राहायला आले. फलाटामागे क्वार्टरं होती. शेजारचं मोठं क्वार्टर स्टेशनमास्तरांचं, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची मास्तरीणकाकू. बाजारहाटाला आष्टीला जावं लागे. गाडी येऊन गेली की पुढची येईपर्यंत बोलायला माणूस नसायचं.

नळ मात्र घरोघर होता. विहिरीचं पाणी लोखंडी पायांच्या उंच टाकीत चढायचं. तेच इंजिनाला, तेच आम्हाला. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, चहावर तवंग यायचा. किटलीची तोटी बुजायची आणि बंब तापायला दुप्पट कोळसा लागायचा. आम्ही सगळ्यांनी ते सोसायचं ठरवलं होतं. काकूंनी ठरवलं नव्हतं. चिंचेचा कोळ, आंबट ताक, नारळाची शेंडी, सगळं घेऊन त्या खाराच्या मागे लागलेल्या असायच्या.

का, ते मला हळूहळू कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता हैदराबादला सरकारी कचेरीत होता. लग्नानंतर तो बायकोला घेऊन एकदाच आला होता. सून नाशिकची. तिनं इथं डोक्यावरून पाणी घेतलं आणि तिचे केस गोंद लावल्यासारखे चिकटले. "मला इथलं पाणी मानवत नाही," असं ती सासूला हसतच म्हणाली, आणि राहायचं ठरलं होतं त्याच्या आधीच दोघं निघून गेली. त्यानंतर ती फिरकली नाहीत.

"पोरं यायला तयार हायेत गं," काकू म्हणायच्या. "पाणी जड हाय म्हून येईनात. पाणी बराबर असतं तर दर सणाला आले असते."

मास्तर हे ऐकत असायचे. एकदा काकू आत गेल्यावर ते माझ्या यजमानांना हळूच म्हणाले, "पाण्याचं काय घेऊन बसलीय ही." पण तिच्यासमोर त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. उलट चिंच ते स्वतःच आणून द्यायचे.

मग एका वर्षी वसंतानं कळवलं, की नाशिकहून परतताना वाटेत उतरू, दोन दिवस राहू. काकूंचं माहेर शहागडचं, गोदाकाठचं. त्यांच्या लेखी मऊ पाणी म्हणजे गोदेचं पाणी. त्यांनी मालगाडीच्या गार्डाला गळ घातली आणि नांदेडहून तेलाचे घासून लख्ख केलेले डबे भरून गोदेचं पाणी मागवलं. ते डबे उतरवून घेताना त्या फलाटावर जातीनं उभ्या होत्या. "सांभाळून रे बाबा. एक थेंब सांडला तर बिलकुल चालायचा न्हाई." घरी येऊन त्यांनी बंबाच्या तळाला हात लावून बघितलं, तो पुन्हा घासला. थोड्या पाण्यात डाळ शिजवून पाहिली, ती कशी लोण्यासारखी झाली ते मला बोटावर घेऊन दाखवलं.

गाडी सकाळी आली. मी काकूंच्या सोबत फलाटावर होते. वसंता खिडकीत दिसला. शेजारी सून बसली होती, मांडीवर मूल झोपलेलं. काकू दाराकडे वळल्या, सामान घ्यायला.

"आई, उतरत नाही," वसंता म्हणाला. "रजा संपली गं. पुढच्या खेपेला नक्की."

काकू खिडकीशी आल्या. "पाणी आणलंय रे. गोदेचं आणलंय," त्या सुनेकडे बघून म्हणाल्या.

"कशाला एवढा त्रास घेतलात," सून म्हणाली. तिला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. काकूंनी खिडकीतून हात घालून नातवाच्या पावलाला स्पर्श केला. हिरवं निशाण मास्तरांनाच दाखवायचं होतं. त्यांनी ते जरा उशिरा दाखवलं.

घरी आलो तर बंब उकळत होता. काकूंनी त्यातलं पाणी बादलीत काढलं आणि मला म्हणाल्या, "पाट घे. केस सोड. तुला न्हाऊ घालते."

मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. शिकेकाई लावून त्यांनी तांब्यामागून तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. लग्नानंतर मला असं कुणी न्हाऊ घातलं नव्हतं.

"मऊ लागतं का?" त्यांनी विचारलं.

"लागतं, काकू."

"हं." त्यांचा हात माझ्या केसांत थांबला. "मंग पाण्याचं काही नव्हतं गं."

त्यानंतर त्यांनी बंब ठोकला नाही. खार चढत गेला. पुढच्या उन्हाळ्यात बंबाचं बूड जळून गळायला लागलं. तांबट म्हणाला, "बाई, आतला थर काढायला पाहिजे होता." काकू "असू दे" म्हणाल्या आणि दोघांपुरतं पाणी पातेल्यात तापवू लागल्या.

मास्तर निवृत्त झाले तशी ती दोघं शहागडला गेली. तिथे मास्तर फार दिवस जगले नाहीत. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी माझ्या लहान मुलीला घेऊन काकूंना भेटायला गेले. एका खोलीत त्या राहत होत्या. "वसंता वडिलांच्या दिवसांना आल्ता, लगेच गेल्ता," एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही दोघी उंबऱ्याशी बसून राहिलो.

माझी मुलगी खोलीभर फिरत होती. थोड्या वेळानं ती काकूंच्या पदराला धरून म्हणाली, "आजी, मला भूक लागली."

मी तिला आजी म्हणायला शिकवलं नव्हतं. काकू उठल्या आणि चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ मला दिसत होती.

"काय खाणार?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परातीत पीठ घेतलं.