आर्डिसचे तणावे

नॉर्थ डकोटातल्या एका गावच्या जत्रेत चर्चचा जेवणाचा तंबू आर्डिसच्या हवाली असे. जाड सुती कापड, सुती दोरांचे तणावे. नवरा गेल्यापासून सगळे तणावे तीच बांधी. तिची सरकती गाठ कितीही वारा सुटला तरी जागची हलत नसे, आणि तिने दोन बोटांनी दाबली की निमूट सरके. अशी गाठ बांधणारं त्या मुलखात दुसरं कुणी नव्हतं.

यंदा मात्र संधिवाताने तिची बोटं सुजली होती. सून कॅरिनला ते दिसलं. "आई, द्या इकडे."

"तू आपला रूबार्बचा केक काप. दोर म्हणजे स्वेटर विणणं नव्हे."

"मग घ्या हात मोडून," म्हणत कॅरिन सुरी घेऊन आत गेली.

दुपारी तंबू माणसांनी खच्चून भरला आणि पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर झालं. आर्डिसचा दीर हार्लन हातोडा घेऊन धावत आला. "वहिनी, ताणा सगळे! पाऊस येतोय!"

"हात लावून तर बघ! भिजले की दोर आखडतात. आत्ता ताणलेस तर मेखा उपटतील आणि तंबू पोरांच्या डोक्यावर येईल."

"दरवर्षी तेच ऐकवता."

"दरवर्षी हातोडा घेऊन तूच येतोस!"

तणावे सैल करायला ती पहिल्या गाठीशी वाकली. बोटं वळेनात. तळव्याने रेटलं, शेवटी दातांनी ओढून गाठ सरकवली. मग पुढची. एक बाजू सैल होईतो तिचे हात गळाले आणि टपोरे थेंब पडू लागले. दुसरी बाजू तशीच असणार. लोकांना बाहेर काढायला हवं होतं. तिच्या तंबूतून आजवर कुणाला उठावं लागलं नव्हतं, आणि त्या विचाराने तिला रडूच फुटलं.

लोकांना हाक मारायला ती तंबूचा कोपरा वळली, तर तिकडचे सगळे तणावे सैल, अगदी बेताने. शेवटच्या मेखेशी कॅरिन गुडघ्यावर बसलेली, हाताला केक माखलेला.

"कधी शिकलीस?"

"दरवर्षी केक कापता कापता बघत होते. तुम्ही विचारलंत कधी?"

पाऊस कोसळला. दोर भिजून आखडले, कापड ताठ झालं, मेख एकही हलली नाही. आत लोक आणखी कॉफी मागत होते. आर्डिसने सुनेने सरकवलेली एकेक गाठ चाचपून पाहिली. खोड काढायला एकही जागा सापडली नाही.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "केक मी कापेन."