डिस्प्ले आला की मी निघायचो

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे किस्से कसे साठतात, सांगू? बिघाड विसरायला होतं, माणूस लक्षात राहतो. शहापुरात माझं छोटं दुकान होतं. दहा-बारा वर्षं एसटीनं आणि जीपनं शहापूर-मुरबाड पालथं घातलं. तक्रार बहुतेक एकच, "चालू केला, पण पडदा काळा!" मित्रांत बसलो की मी हे सगळं हसत सांगतो. पण हल्ली सांगता सांगता माझं मलाच कसंतरी होतं.

*

मुरबाडच्या टायपिंग क्लासमधून मॅडमचा फोन आला. "सर, मॉनिटर मेला."

जीपमध्ये अर्ध्या सीटवर टेकून गेलो. फडक्यानं पुसताना ब्राइटनेसचं चाक पार खाली फिरलं होतं, बस! मी ते फिरवलं, चित्र आलं. समोर वीसेक मुली बसलेल्या. तेवढ्यावर थांबायचं ना? नाही! "मॅडम, मेला नव्हता, तुम्ही त्याला झोपवलात!"

क्लास खदखदून हसला. मॅडमही हसल्या.

पुढच्या खेपेला त्या टाइपरायटरच्या खोलीत बसलेल्या दिसल्या. म्हटलं, कॉम्प्युटर सोडलात?

"नको हो. माझ्यानं झोपतो तो."

*

कसाऱ्याला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात म्हातारे वॉचमन होते. फोन त्यांनीच केला. "सायेब, पडदा काळा हाय आन् डबा शिट्ट्या मारतोय. एक लांब, दोन आखूड."

एक लांब, दोन आखूड बीप म्हणजे डब्यातल्या डिस्प्ले कार्डाची तक्रार, मॉनिटरची नव्हे. पण वॉचमनचं कोण ऐकतो? मी अख्खा मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीनं कसारा गाठला. जोडला, तरी काळाच. कार्ड काढून पुसून बसवलं, लगेच डिस्प्ले!

म्हातारबा बाजूला उभे होते. "मी सांगितला व्हता ना? तीस वर्सा रेल्वेत शिट्ट्याच ऐकल्यात, सायेब."

मी चुकलो, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चेक करावं लागतं, बाबा."

*

उंबरमाळीकडच्या एका ऑफिसात भाऊ म्हणून क्लार्क होते. दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी चालू केला तर सगळं चित्र पिवळं! केबल ढिली झाली की असं होतं. भाऊंना वाटलं, हळद लागली. मला फोनवर गंमत सुचली. "पुसत राहा भाऊ, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी गेलो तर भाऊ घामाघूम, हातात ओलं फडकं.

"निम्मं गेलंय, सायेब!"

*

एका आरोग्य केंद्रात मॉनिटरच्या केबलची पिन वाकली होती. कुणीतरी उलटी दाबलेली. चिमट्यानं सरळ करायला गेलो, तर आणखी वाकली. तिथल्या सिस्टर बघत होत्या. त्यांनी इंजेक्शनची नवी जाड सुई काढली, ती पोकळ सुई पिनेवर अलगद चढवली आणि पिन उभी केली!

"तान्ह्या पोराची शीर सापडते मला. ही तर दिसतेय तरी!"

तेवढ्यात डॉक्टर आले. "वा, झालं वाटतं?"

"हो, केली सरळ," मी म्हणालो. सिस्टरनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि सुई डब्यात टाकली.

*

आणि मुरबाडजवळच्या एका गावातले गुरुजी. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. सुरू केला की विंडोजचं चित्र यायचं आणि मग पडदा काळा. नातवानं सेटिंग बदललं होतं, एवढंच. सेफ मोडमध्ये गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम. पण बाहेर जीप भरत आली होती. म्हटलं, फॉरमॅट मारून टाकू, आतलं सगळं पुसून नव्यानं.

विचारलं मात्र होतं. "गुरुजी, आत महत्त्वाचं काही?"

"काय नाय. घरातलंच आहे."

मी 'काय नाय' एवढंच ऐकलं.

डिस्प्ले आला. गुरुजी खूश होऊन बसले, माऊस इकडेतिकडे फिरवला. मग हळूच म्हणाले, "आमच्या मंडळींची गाणी कुठं गेली?"

त्यांची बायको लग्नात धवळे म्हणायची. आसपासच्या गावांतली लग्नं तिच्या गाण्यांशिवाय लागत नसत. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, गुरुजी एका बोटानं टाइप करायचे. दिवाळीच्या आधी ती वारली होती.

मी सॉरी म्हणालो. किती वेळा, आठवत नाही. ते म्हणाले, "चहा घ्या. जीप जाईल तुमची."

महिन्यानं त्यांचा फोन आला. वाटलं, आता बोलणी खायची. गेलो तर कॉम्प्युटर चालू, समोर कोरं पान.

"बसा. तुमचा हात भराभर चालतो. मी आठवतो, तुमी लिवा."

मी लिहायला लागलो. पहिलं गाणं पुरं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर ते थांबले. डोळे मिटून बराच वेळ ओठ हलवत राहिले.

"पुढं, गुरुजी?"

त्यांनी डोळे उघडले आणि पडद्याकडे बघत म्हणाले,

"दोन ओळींची जागा सोडा. मग पुढं सांगतो."